उजनीच्या काठावर एवढ्या प्रकारचे बगळे एकाच पाण्यात कसे भागवतात? कोण काय खातं?

भीमाकाठ_बारामती

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी वडिलांना घेऊन उजनी धरणाच्या काठावरच्या कुंभारगावला गेलो होतो. सगळे जातात ते रोहित पक्षी बघायला, आम्ही पण त्यासाठीच गेलो, पण नाव काठाकाठानं जात होती तेव्हा माझं लक्ष बगळ्यांवरच अडकलं. आयुष्यभर मी बगळा म्हणजे बगळा एवढंच समजत होतो, पांढरा, लांब मानेचा, संपलं. तिथं मात्र एका नजरेत पाच-सहा तऱ्हा दिसल्या.

एक राखाडी रंगाचा, चांगला कमरेइतका उंच, पाण्यात एकटाच उभा. आमची नाव पुढं जाऊन अर्ध्या तासानं परत आली तरी तो त्याच जागी, मान पण हलवली नसावी. त्याच्यापासून पन्नास फुटांवर एक छोटा पांढरा बगळा, त्याचा मात्र नाच चाललेला, इकडं पळ तिकडं पळ, पाय काय थरथरवतोय, पंख काय उघडतोय. मग काठावर मातकट रंगाचा एक बसलेला, मला आधी ढेकूळच वाटलं, आणि उडाला तर अख्खा पांढरा! वडील म्हणाले हे दोन वेगळे पक्षी असतील, एक बसलेला आणि एक मागून उडालेला. मी म्हटलं नाही एकच होता. यावर घरी येईपर्यंत आमची चर्चा.

तर प्रश्न असे:
ह्या सगळ्यांची नावं काय? पांढरे तीन आकाराचे दिसले ते एकाच जातीचे लहानमोठे की वेगवेगळे? आणि मुख्य म्हणजे पाणी तेच, मासे तेच, मग ही सगळी मंडळी एकमेकांशी न भांडता कशी काय खातात? नाववाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले "ज्याचा त्याचा टाइम आणि ज्याची त्याची जागा असती." हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. कुणी नीट सांगेल का?

---

पाणथळ_वाट

भीमाकाठ, तुमच्या नाववाल्या दादांनी अर्धं उत्तर दिलंच आहे, उरलेलं अर्धं मी देतो. मी गेली पंधरा-सोळा वर्षं भिगवण, कवडी पाट, नांदूर मध्यमेश्वर असा फिरतोय आणि खरं सांगतो, रोहित बघून झाले की मी पण बगळ्यांकडंच वळतो.

आधी तुमच्या घरचा वाद मिटवू. तुम्ही बरोबर. तो मातकट बगळा म्हणजे ढोकरी, काही जण वंचक म्हणतात. पाठ आणि छाती तपकिरी रेघांची, पण पंख आणि शेपूट पांढरीशुभ्र. बसला की पंख मिटून तपकिरी पाठीखाली झाकले जातात, म्हणून चिखलात दिसत नाही, आणि तुम्ही अगदी दोन-तीन पावलांवर गेल्याशिवाय उडत पण नाही कारण त्याचा स्वतःच्या रंगावर भरवसा असतो. उडाला की एकदम पांढरा. मोठमोठ्या लोकांचा ह्यात गोंधळ होतो, वडिलांना सांगा. पावसाळ्याच्या तोंडाला विणीच्या काळात त्याची पाठ गडद मरून रंगाची होते, तेव्हा बघाल तर तिसराच पक्षी वाटेल.

राखाडी उंच तो राखी बगळा. आपल्याकडच्या नेहमी दिसणाऱ्या बगळ्यांत हाच सगळ्यात दांडगा, चोचीपासून शेपटीपर्यंत ९० सेंटिमीटरच्या पुढं. लोक ह्याला करकोचा म्हणतात, पण फरक ओळखायला सोपा आहे, उडताना बघा. बगळा उडताना मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडून खांद्यात घेतो. चित्रबलाक वगैरे करकोचे आणि शराटी मान सरळ पुढं ताणून उडतात. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मा गोंधळ संपतो.

पांढरे तीन आकाराचे म्हणजे तीन वेगळ्या जाती. लहान बगळा, मध्यम बगळा, मोठा बगळा. तुमचा तो नाचणारा लहान बगळा. त्याची चोच काळी, पाय काळे, पण पंजे पिवळेधमक, जणू मोजे घातलेत. मध्यम आणि मोठा ह्यात मात्र भलेभले चुकतात कारण थंडीत दोघांची चोच पिवळी असते. खूण अशी की तोंडाची जी फट असते ती मध्यम बगळ्यात डोळ्याखाली संपते, मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागंपर्यंत जाते. दुर्बिणीतून लगेच दिसतं. मोठ्या बगळ्याच्या मानेला एक बाक पण असतो, मोडून परत जोडल्यासारखा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पाणी एकच दिसतं आपल्याला, बगळ्यांच्या लेखी ते एक नाहीच. राखी बगळा आणि मोठा बगळा लांब पायाचे, ते आत खोल उभे राहू शकतात, तिथं मोठा मासा येतो. लहान बगळा पोटरीभर पाण्यात. ढोकरी तर बहुतेक वेळा पाण्यात शिरतच नाही, काठावर नाहीतर तरंगत्या पानवेलींवर बसून बेडूक, चतुराच्या अळ्या, बोटाएवढे मासे असं उचलते. म्हणजे पायाच्या लांबीनंच अर्धी वाटणी करून टाकलीय. उरलेली वाटणी शिकारीच्या पद्धतीनं. राखी बगळ्याचं भांडवल म्हणजे सबुरी. तो मासा शोधत नाही, मासा त्याच्याकडं येईपर्यंत थांबतो. लहान बगळा नेमका उलटा, तो पिवळा पंजा चिखलात थरथरवतो, त्यानं तळातली कोळंबी, किडे, बारके मासे दचकून बाहेर पळतात आणि तो टिपतो. तुम्हाला जे नाच वाटलं ते त्याचं काम होतं. शिवाय चमच्यासारख्या चोचीचे दर्वीमुख पक्षी पाणी घुसळत चालले असले की लहान बगळे त्यांच्या मागं मागं फिरतात, आयता हाकारा मिळतो.

जांभळा बगळा नाही दिसला का? तो राखीपेक्षा सडपातळ, मान तांबूस आणि काळ्या रेघांची. तो उघड्यावर फार येत नाही, पाणकणसाच्या दाटीत उभा असतो. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूला खात्रीनं दिसतो. गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा आहे तो, गाळ साठून साठून मस्त गवताळ दलदल झालीय, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं ते हेच. जांभळ्याला जे लागतं ते सगळं तिथं आहे.

---

रात्रपाळी

वरच्या उत्तरात भर. "ज्याचा त्याचा टाइम" ह्यातला टाइम राहिला, म्हणून लिहितेय.

रातबगळा. दिवसा तुम्हाला दिसलाच नसेल कारण दिवसभर तो दाट बाभळीत नाहीतर चिंचेत मान खांद्यात घालून झोपलेला असतो. काळी पाठ, काळी टोपी, पोट राखट पांढरं आणि डोळे लालभडक. अंधार पडायला लागला, बाकीचे बगळे रांगा करून झाडांकडं परतायला लागले की हे उलट्या दिशेनं बाहेर पडतात. आवाज एकच, "वॉक्", घशातून काढलेला. आमच्या कॉलनीवरून रोज संध्याकाळी जातात, तो आवाज आला की मी घड्याळ न बघता सांगते की दिवे लावायची वेळ झाली. एकाच पाण्यावर दिवसाची आणि रात्रीची पाळी. डोळे मोठे असल्यामुळं कमी उजेडात त्याचं भागतं. फक्त पिल्लं लहान असली की भूक भागवायला दिवसाही शिकार करताना दिसतात.

रातबगळ्याचं पिल्लू तपकिरी असतं आणि लोक त्याला ढोकरी समजतात. पिल्लाच्या पंखांवर पांढरे थेंब असतात, ढोकरीच्या अंगावर रेघा. थेंब की रेघ एवढंच बघायचं.

आणि एक मंडळी तुम्ही विसरलात, तापस! पिवळा तापस, लाल तापस, काळा तापस. हे पण बगळ्यांच्याच कुळातले. गवतात असताना धोका वाटला की चोच आभाळाकडं, मान ताठ, अंग बारीक आणि वाऱ्यानं लव्हाळा हलेल तसं हळूहळू डुलायचं. कुणी हे नाव ठेवलं माहीत नाही पण मला हे नाव फार आवडतं, खरोखर तप करत असल्यासारखाच दिसतो. गंमत म्हणजे चोच वर असली तरी त्याला समोरचं दिसत असतं, कारण डोळे असे खालच्या अंगाला बसवलेत की चोचीच्या खालून दोन्ही डोळ्यांनी बघता येतं. सगळ्याच बगळ्यांना हे जमतं, म्हणून पायाजवळचा मासा मान न वाकवता कळतो. पाणथळ_वाट म्हणाले ती सबुरी खरी, पण त्या सबुरीत तो रिकामा उभा नसतो, पूर्ण वेळ खाली बघत असतो.

---

खाडीवाला_ठाणे

आमच्या खाडीकडं या मग टाइमाचा तिसरा प्रकार दाखवतो 🙂 इथं दिवस नाही रात्र नाही, भरती-ओहोटी. समुद्र बगळा म्हणून एक असतो, किनाऱ्यावरच राहणारा, काही गडद निळसर राखाडी आणि काही पूर्ण पांढरे, जात एकच. गडदवाल्याची हनुवटी पांढरी असते. हे सगळे पाण्याच्या वेळापत्रकावर चालतात. ओहोटी लागली, चिखल उघडा पडायला लागला की हजर. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते तसे हे पण सरकतात, कोळ्यांना जसं पाणी पाठ असतं तसं ह्यांना पाठ.

चिखलावर निवट्या नावाच्या बारक्या मासळ्या उड्या मारत असतात, त्या पकडायला समुद्र बगळा अक्षरशः पळतो, एक पंख उघडून वळतो, परत पळतो. बोय माशाची पिल्लं, कोळंबी, छोट्या चिंबोऱ्या सगळं चालतं. कांदळवनाच्या मुळांत अजून एक बारका असतो, हिरवट पाठीचा, आखूड पायाचा, वाकून बसलेला. त्याला कांदळ बगळा म्हणतात, हिरवा बगळा पण म्हणतात. एकटाच असतो, ठरलेल्या फांदीवर बसून पाण्याला चोच लावायच्या बेतात. ह्या जातीबद्दल ऐकून मी चाट पडलो होतो. जपानमध्ये कुमामोतो इथल्या बागेतल्या तळ्यात हे बगळे चक्क गळ टाकतात. म्हणजे एखादा किडा, पानाचा तुकडा, काडी पाण्यावर ठेवायची, ती वाहत गेली तर उचलून परत जवळ ठेवायची, आणि मासा वर आला की पकडायचा. तिथल्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात नीट नोंदवून ठेवलंय. मी स्वतः ठाण्यात असं कधी बघितलेलं नाही पण ते वाचल्यापासून कांदळ बगळा दिसला की तास तास थांबतो.

ठाणे खाडी पण २०२२ पासून रामसर आहे बरं का. लोक पुलावरून गाडीत जाताना नाक दाबतात, त्या चिखलात काय काय जगतंय ते बघायला एकदा ओहोटीला खाली उतरा म्हणतो मी.

---

शेततळं_इंदापूर

सगळं वाचलं. छान लिहिताय सगळे पण आमची बाजू पण ऐका. माझं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडतो. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडली की तिसऱ्या दिवशी राखी बगळा हजर. सकाळी मोटार चालू करायला जावं तर हा तळ्याच्या कडेला उभा. मला बगळ्याचा राग नाही, पण बोटुकलीला पैसे मोजलेत आम्ही. पहिल्या वर्षी लई नुकसान झालं असं वाटलं. बुजगावणं लावलं, चार दिवसांत त्याच्या शेजारी उभा राहायला लागला. फटाके वाजवले, उडतो, अर्ध्या तासात परत.

ह्याला मारायचं नाही हे मला माहितीय, कायद्यानं पण बंदी आहे आणि मनाला पण पटत नाही. पण उपाय काय? दिवसाला किती खातो हा?

---

पाणथळ_वाट

शेततळं दादा, तुमचा मुद्दा एकदम रास्त आहे आणि बरं झालं लिहिलंत.

राखी बगळ्याचं वजन दीड किलोच्या आसपास असतं, काही एक-दोन किलोच्या मधले. त्याला दिवसाला साधारण तीन-चारशे ग्रॅम खाणं लागतं असं धरा, आणि त्यात सगळे मासेच नसतात, उंदीर, बेडूक, पाणसाप, मोठे किडे सगळं असतं. म्हणजे एक बगळा तळं रिकामं करत नाही, पण बोटुकली लहान असताना आणि ती काठाला उथळ पाण्यात फिरत असताना तो नुकसान करू शकतो हे खरं.

उपाय त्याच्या शिकारीच्या पद्धतीतच आहे. तो पोहून शिकार करणारा नाही, पाणकावळ्यासारखा बुडी मारत नाही. त्याला उभं राहायला जागा आणि उथळ पाणी लागतं. तुमच्या तळ्याला प्लास्टिकचा कागद आणि काठ सरळ उताराचे असतील तर पाणी भरलेलं ठेवा, पाणी खाली गेलं की तळाशी उथळ कोपरा तयार होतो आणि तोच त्याचा अड्डा. दुसरं, काठाच्या आत हातभर अंतरावर दोन पदरी नायलॉनची दोरी ताणा, एक वीतभर उंचीवर आणि एक त्याच्या वर. तो थेट पाण्यात उतरत नाही, बाजूला उतरून चालत येतो, पायाला दोरी लागली की त्याला आवडत नाही. बोटुकली बोटाच्या दुप्पट होईपर्यंत वरून जाळी टाकली तर सगळ्यात उत्तम, फक्त जाळी ताणून बांधा, ढिली राहिली तर पक्षी अडकून मरतात. आणि मेलेले, आजारी मासे रोज काढा, वर तरंगणारा मासा लांबून त्याला बोलावतो.

---

शेततळं_इंदापूर

दोरीचं करून बघतो. पाणी खाली गेल्यावरच जास्त येतो हे बरोबर ओळखलं, एप्रिलमध्येच त्रास असतो.

गायबगळ्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. नांगरट काढली की ट्रॅक्टरच्या मागं चाळीस-पन्नास, हुमणीच्या अळ्या वेचून खातात. उसाला हुमणी लागली की काय होतं ते ऊसवाल्याला विचारा. आमचे वडील म्हणायचे गायबगळे आले की औत थांबवायचं नाही, त्यांचं जेवण चाललंय.

---

रात्रपाळी

किती सुंदर बोलले वडील तुमचे.

गायबगळा पाणथळीत राहूनही पाण्यावर अवलंबून नसलेला असा एकच. नाकतोडे, रातकिडे, अळ्या, गोचीड, माश्या. गाय चरताना गवतातले किडे उडवते, हा टिपतो, त्यामुळं त्याला एकट्यानं फिरण्यापेक्षा कमी पावलांत जास्त मिळतं. गाय, म्हैस, ट्रॅक्टर, काहीही चालतं. उन्हाळ्याच्या शेवटी डोकं आणि मान केशरी होते ना, ती त्याची विणीची खूण. ह्याचे आफ्रिकेकडचे भाईबंद तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचले, स्वतः उडत, आणि तिथल्या गुरांच्या मागं फिरायला लागले.

---

मणका_आणि_पीस

मी प्राणिशास्त्र शिकवतो, शरीराचा भाग कुणी लिहिला नाही म्हणून थोडं.

बगळ्याच्या मानेत साधारण वीस मणके असतात, आपल्या मानेत सात. त्यातला सहावा मणका वेगळ्या घडणीचा, लांबट. मानेला जो बाक दिसतो तो त्याच्यामुळं. मान दुमडून ठेवायची आणि गुलेरीसारखी सोडायची, म्हणून तो वार आपल्या डोळ्याला दिसत नाही, दिसतो तो एकदम चोचीतला मासा.

दुसरी अवघड गोष्ट, पाण्यात काठी वाकडी दिसते तसा मासाही आहे तिथं दिसत नाही, खऱ्या जागेपेक्षा वर दिसतो. इस्रायलमध्ये समुद्र बगळ्यांवर प्रयोग झालेत, बगळा हा फरक धरून वार करतो, जिथं दिसतो तिथं नाही तर जिथं आहे तिथं. वार करायच्या आधी डोकं थोडं पुढंमागं सरकवतो ते बघा कधीतरी, कोन जुळवणं चाललेलं असतं.

पकडलेला मासा हवेत फिरवून डोक्याकडून गिळतात, म्हणजे काटे आणि पर घशाला उलटे लागत नाहीत. उजनीत वाम भरपूर, ती चोचीत धरली की मानेला वेटोळं घालते, सगळी बुळबुळ पिसांना. त्यावर उपाय अंगावरच आहे. छातीवर आणि मांडीजवळ काही पिसं अशी असतात की ती सारखी झिजून त्यांची पावडर होते. ती पावडर बुळबुळीवर घासायची, आणि मधल्या बोटाच्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात त्यानं विंचरून काढायची. जेवण झाल्यावर बगळा अर्धा-अर्धा तास साफसफाई करत बसतो तो हे करत असतो.

जाता जाता, सगळे जण बगळ्याचा गुडघा मागं वाकतो म्हणतात. तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला.

आणि ज्या झाडांवर हे सगळे एकत्र घरटी करतात त्याला मारुती चितमपल्लींनी रूढ केलेला सुंदर शब्द आहे, सारंगागार. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातलं बघण्यासारखं आहे. दिवसभर पाण्यावर वाटण्या करणारी मंडळी तिथं एकाच बाभळीवर मजल्या-मजल्यानं राहतात. फक्त झाडाखाली उभं राहू नका, घाबरलेली पिल्लं पोटातलं सगळं ओकतात, आणि आपण जवळ गेल्यामुळं त्यांचं एक जेवण वाया जातं.

---

पाणथळ_वाट

मणका सर, झकास.

एक काळजी मात्र सांगतो. धरण किती टक्के भरलं ह्याच्या बातम्या रोज येतात, पण बगळ्याला टक्के कळत नाहीत, त्याला गुडघाभर पाण्याचा पट्टा लागतो. उजनी पावसाळ्याअखेर तुडुंब असते तेव्हा पाणी थेट उसाला टेकतं आणि काठ असा उरतच नाही. जानेवारीपासून पाणी उतरायला लागतं तसा तो पट्टा उघडा पडतो, म्हणून आत्ता एवढे दिसतात. पण उतरत्या पाण्यामागं लगेच नांगर आणि पाइप येतात. गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करणाऱ्यांची गरज मला समजते, त्यांच्या जमिनीच पाण्याखाली गेल्यात. पण जिथं काठाची गवतं आणि पाणकणीस जाळून साफ करतात तिथून जांभळा बगळा आणि तापस आधी जातात, राखी सगळ्यात शेवटी. मी दहा वर्षांपूर्वी ज्या कोपऱ्यात पिवळा तापस हमखास दाखवायचो तिथं आता एकही नाही. राखी बगळे आहेत, त्यामुळं आलेल्या माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

---

भीमाकाठ_बारामती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वडिलांना सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ढोकरीचा वाद मी जिंकलो पण "थेंब की रेघ" त्यांनी माझ्या आधी पाठ केलं.

आज परत गेलो होतो, ह्या वेळी नावेत न बसता काठावरच थांबलो. लहान बगळ्याचे पिवळे पंजे स्पष्ट दिसले, थरथरवताना पाणी गढूळ होतं ते पण. एका मोठ्या बगळ्याची तोंडाची फट डोळ्याच्या मागं गेलेली वडिलांनीच दुर्बिणीतून शोधली. राखी बगळ्यासमोर पाऊण तास बसलो. त्यानं एकच वार केला, चिलापी होती, तळहाताएवढी, हवेत फिरवून डोक्याकडून गिळली. मानेतून खाली जाताना फुगवटा दिसत होता.

@पाणथळ_वाट, तो तापसाचा कोपरा कुठला ते इथं लिहू नका, मला वेगळं कळवा. अजून एखादा उरला असेल तर महिनाभर रविवारी जाऊन बघीन म्हणतो.

@रात्रपाळी, पुढच्या रविवारी साडेसहाच्या आत पोचायचं ठरवलंय, रातबगळे बाभळीवर परत येताना बघायचेत. वडील आत्तापासून विचारतायत गजर किती वाजताचा लावू.